बॉनेटवरच्या नाकपुड्या

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, भोपाळच्या अवधपुरीतल्या आमच्या गल्लीत काल सकाळी खोटी भोकं आढळून आली आहेत. रहिवाशांनी घाबरून जाऊ नये. मी घाबरलेली नाही. मी संतापलेली आहे.

भोकं समोरच्या अंकितच्या नव्याकोऱ्या जीपवर आहेत. बॉनेटच्या दोन्ही अंगांना काळी, ऐटबाज, माशाच्या कल्ल्यांसारखी झापडं. इंजिनातली गरम हवा बाहेर सोडण्यासाठी अशी झापडं असतात, हे मला जितकं ठाऊक आहे तितकं या शहरात फार थोड्या बायकांना ठाऊक असेल, आणि का ठाऊक आहे ते पुढे सांगतेच. तर मी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि कौतुकानं एका झापडाखाली बोट घातलं. बोट आत जाईना. जाईल कसं? आत पत्राच होता. सलग, गुळगुळीत, अखंड पत्रा. ते सगळं प्रकरण प्लास्टिकचं होतं आणि दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीनं बॉनेटवर डकवलेलं होतं.

"आंटी, वो सिर्फ़ लुक के लिए है," अंकित फाटकातून म्हणाला. पोरगा गुणी आहे, दिवाळीला न चुकता पाया पडतो, म्हणून मी स्वतःला आवरलं.

"आणि हवा?"

"हवा का क्या आंटी? अंदर एसी है ना."

मी पिशवी उचलली आणि घरी आले. दुधीभोपळा आपटून ठेवला. मे महिन्याचं ऊन खिडकीच्या गजांवर वाजत होतं, कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास घरभर फिरत होता, आणि या वासाबरोबर दर वर्षी जो एक उन्हाळा माझ्या घरात शिरतो, तो शिरला. त्या उन्हाळ्यात माझ्या बापाच्या जीपच्या बॉनेटला भोकं पाडली होती. खरी. छिन्नीनं. अख्ख्या टाउनशिपच्या संमतीनं. फक्त दोन माणसांची संमती कुणी घेतली नव्हती, ज्याची जीप त्याची आणि जी ती चालवणार होती तिची.

तेव्हा आम्ही कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहत होतो. एकाच साच्यातून काढून उन्हात वाळत घातल्यासारखी क्वार्टर्स, दारात एकेक गुलमोहर, मागे एकेक कढीपत्ता. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर डबा भरायचा, भोंग्यावर कपडे वाळत घालायचे. कारखान्यात घराएवढी विजेची यंत्रं बनत, आणि ती बनवणारी माणसं संध्याकाळी बनियनवर अंगणात बसत. आता जी माणसं दिवसभर घराएवढी यंत्रं बनवतात, त्यांना संध्याकाळी नुसतं बसवत नाही. कुणाचा पंखा कुरकुरला की गल्ली जमायची. कुणाच्या नळाची तोटी गळायला लागली की तिच्यावर आधी चर्चा व्हायची, मग चर्चेवर चर्चा व्हायची, मग कुणीतरी खडूनं जमिनीवर आकृती काढायचं. तोटी गळतच राहायची. पण ती का गळते, हे टाउनशिपमधल्या पोराटोरांना तोंडपाठ झालेलं असायचं.

अशा या ज्ञानी लोकांत त्या एप्रिलच्या शेवटी बाबा आले. बाबा गुरांचे डॉक्टर. आयुष्य बैतूलच्या मुलखात गेलं, अडलेल्या म्हशी सोडवण्यात. ते भोपाळला आले ते डोळे दाखवायला. काचबिंदू होता. डॉक्टरांनी बरंच काही समजावून सांगितलं, ते सगळं ऐकून घेऊन बाबा घरी आले, आरामखुर्चीत टेकले आणि मला म्हणाले, "मंजू, गेलं ते येत नाही म्हणतो. उरलंय तेही जाणार. थेंब घालायचे आणि पाहायचं ते पाहून घ्यायचं."

आणि पाहायचं काय होतं? ताजमहाल नव्हे, समुद्र नव्हे. बैतूलकडच्या घाटावर, एका नाल्यापलीकडे, त्यांनी हौसेनं लावलेली थोडी आंब्याची झाडं होती. त्यातलं एक शेपू आंब्याचं, ज्याच्या फळाला शेपूच्या भाजीसारखा वास येतो. लहानपणी विदर्भात कुठेसा खाल्लेल्या आंब्याची कोय जपून आणून बाबांनी ते रुजवलं होतं. वर्षानुवर्षं त्या झाडानं नुसती पानं दाखवली. आणि आता राखणदार सुखलालचा निरोप आला होता, डॉक्टर साब, आपके रूठे हुए पेड़ को फल लगा है.

बाबांना ते फळ झाडावर लटकलेलं पाहायचं होतं. तोडून, पेटीत घालून आणलेलं नव्हे. झाडावर. आणि पाऊस पडून नाला भरायच्या आत, कारण एकदा नाला भरला की दिवाळीपर्यंत पलीकडे जायची सोय नाही. त्या वाटेवर चढायची ताकद फक्त एका गाडीत होती, ती बाबांची जीप. आणि ती जीप चालवता येईल असे डोळे आता बाबांकडे नव्हते.

"मी नेईन," मी म्हणाले.

इथे एक गोष्ट मोठ्या अक्षरांत वाचावी. आमच्या घरात गाडी मला येत होती. आमच्या यजमानांना, म्हणजे सुधीरला, येत नव्हती. सुधीर स्कूटरवाला माणूस. मला कॉलेजात असताना बाबांनी त्याच जीपवर शिकवलं होतं, आणि शिकताना मी एका कडब्याच्या गंजीचा चेंदामेंदा केला होता. बाबा महिनाभर आमच्याकडे राहणार म्हटल्यावर मी ती जीप घेऊन बिट्टन मार्केटच्या हाटाला जायला लागले. भाजीवाले लांबूनच टोपल्या मागे ओढत, "जीपवाली भाभी आ गई!" तर सांगायचा मुद्दा, ही गोष्ट गुप्त नव्हती. सगळ्यांना दिसत होती. रोज. उजेडात.

जीप लष्करातून निवृत्त झालेली, रंगानं शेवाळी, आवाजानं मुकादम. तिच्यात एकच खोट होती, ती तापायची. बाबांना घेऊन येणाऱ्या भाड्याच्या ड्रायव्हरसमोर ती घाटात उकळली, मग भोपाळच्या तोंडाशी, मिसरोदच्या अलीकडे पुन्हा उकळली, आणि त्यानं आमच्या दारात तिला सोडून जे तोंड वळवलं ते पुन्हा दाखवलं नाही. मी तिचा रेडिएटर साफ करवला, पट्टा बदलवला. मिस्त्री म्हणाला, "मैडम, इंजन बूढ़ा है. गर्मी में हाँफेगा ही."

हे मी घरी येऊन सांगितलं, तेव्हा बाबा डोळ्यांत थेंब घालून, मान मागे टाकून बसले होते. ते गमतीत एवढंच म्हणाले, "हाफते म्हणजे नाकपुड्या लहान असतील बिचारीच्या."

झालं. हे वाक्य सुधीरनं ऐकलं. त्याच्या डोळ्यांत टाउनशिपवाल्यांच्या डोळ्यांत चमकतं ते चमकलं. तो चपला घालून बाहेर पडला आणि परत आला तो पुराणिक साहेबांना घेऊन.

पुराणिक साहेब आमच्या शेजारचे, मूळचे ग्वाल्हेरचे. वागण्यात दरबारी अदब, नाकावर चष्मा, आणि उभं आयुष्य मोठमोठी यंत्रं थंड कशी ठेवावीत याच्या अभ्यासात गेलेलं. थंड करणं हा त्यांचा धर्म होता. चहासुद्धा बशीत ओतल्यावर ते बशी एका विशिष्ट कोनात धरत आणि कोनाचं कारण सांगत. तोवर चहा थंड झालेला असे, आणि ते त्याचं श्रेय कोनाला देत.

त्यांनी बॉनेट उघडलं, आत पाहिलं, बंद केलं. पुन्हा उघडलं.

"सुधीर, तुझ्या गाडीची उष्णता कोंडते आहे."

"काका, गाडी माझ्या बाबांची आहे," मी म्हणाले.

"अगदी बरोबर, सूनबाई. तर सुधीर, तू घाट चढतोस तेव्हा—"

"काका, घाट मी चढणार आहे."

"वा, वा! फार छान. सूनबाई, चहा टाकता का थोडा?"

आज इतक्या वर्षांनी सांगते, तो चहा मी टाकला, आणि टाकताना भांडं असं आदळलं की त्याला पडलेला पोचा आजही माझ्या स्वयंपाकघरात आहे. मी तो काढून घेत नाही. पुरावा आहे तो. आणि राग येतो तो त्यांनी माझं ऐकलं नाही याचा नव्हे. राग येतो तो ते इतके गोड होते याचा. कुणी खेकसलं असतं तर मी खेकसले असते. पण इथे प्रत्येक जण मला "वा, वा" म्हणायचा आणि स्टिअरिंगकडे पाहून सुधीरशी बोलायचा. सुधीरही मान डोलवायचा! ज्याला क्लच कुठल्या पायाखाली असतो हे माहीत नव्हतं, तो घाटातल्या गिअरांबद्दल "हो, तो प्रश्न आहेच" म्हणायचा.

पुढच्या रविवारी बॉनेटवर खडूनं आकृती निघाली. गल्ली जमली. भोकं कुठे पाडायची यावर वाद झाला आणि पुराणिक साहेबांनी निकाल दिला. उष्ण हवा वर जाते. बॉनेटची सर्वांत उंच जागा मागे, काचेच्या पायथ्याशी. म्हणून भोकं तिथे. याच्यात चूक काढायला जागाच नव्हती. हे त्यांनी आयुष्यभर केलं होतं, आणि त्यांची यंत्रं देशभर थंडगार उभी होती.

उभी होती, हा शब्द कृपया लक्षात ठेवावा.

छिन्नी चालवली चौबेजींनी. ते पत्र्याच्या विभागातले, हाताला उत्तम वळण. चिरा पाडायच्या, चिरेची एक कड लाकडाच्या ठोकळ्यावर उचलून वाकवायची, की झालं झापड. पहिला घाव पडला आणि गुलमोहरावरचे कावळे उडाले. तो आवाज माझ्या दाढेत अजून आहे. ज्या बॉनेटवर मी लहानपणी पाय लोंबकळत सोडून बसायचे, ज्याच्यावर बाबा औषधाची पेटी उघडायचे, ते बॉनेट माझ्या डोळ्यांदेखत फाटत होतं. मी व्हरांड्यात गेले. बाबा काळा चष्मा लावून ऐकत बसले होते.

"बाबा, तुमची गाडी कापतायत. काहीतरी म्हणा."

बाबांनी तिथूनच आवाज दिला, "चौबेजी! काटिए, मगर टाँके लगाने आते हैं ना?"

"डॉक्टर साब, टाँके नहीं, ज़रूरत पड़ी तो वेल्डिंग मारेंगे!"

"मंजू, माणूस भरवशाचा आहे," बाबा म्हणाले. मी कपाळावर हात मारला.

दुपारपर्यंत दोन्ही बाजूंना झापडांच्या ओळी उभ्या राहिल्या. लांबून पाहिलं तर बॉनेट नव्हतंच ते, किसणी होती. तसं आधी कुणीतरी हिंदीतून म्हणालं, "अरे, ये तो कद्दूकस बन गई!" आणि जीपचं नाव कद्दूकस पडलं ते पडलंच. पुराणिक काकू, त्या माझ्या बाजूच्या असा माझा समज होता, झापडावरून हात फिरवून म्हणाल्या, "मंजू, छुंद्याच्या कैऱ्या हिच्यावरच किसू या गं. पुढे मागे केली की काम झालं." मीही हसले. हसू येतंच. पण हसताना राग जात नाही, हे पुरुषांना कधी कळणार?

मग परीक्षा झाली. टाउनशिपमध्ये परीक्षेशिवाय काही पास होत नाही. इंजिन चालू करून ठेवलं, चांगलं तापू दिलं, आणि पुराणिक साहेबांनी काकूंच्या देवघरातला उदबत्तीचा जुडगा पेटवून बॉनेटखाली धरला. सगळे श्वास रोखून उभे. आणि काय सांगू, त्या झापडांतून निळसर धुराच्या बटा अशा सुरेख वर निघाल्या, एकीशेजारी एक, सरळ, संथ, जणू शेवाळी देवीपुढे आरती चालली आहे. टाळ्या झाल्या. तापमानाच्या काट्यानं उकळी गाठली नाही. चौबेजींनी बॉनेटवर खडूनं "ओके" लिहिलं. नारळ फुटला. खोबरं वाटलं. सुधीरचं अभिनंदन झालं.

"काका," मी म्हणाले, "एकदा चालत्या गाडीवर बघू या. मिसरोदपर्यंत नेऊन आणते."

पुराणिक साहेब इतक्या मायेनं हसले की मला आत्ताही दात-ओठ खावेसे वाटतात. "सूनबाई, उष्ण हवा वर जाते. हा निसर्ग आहे. त्याला मिसरोद कशाला दाखवायचं?"

आणि पेट्रोल उगाच जळू नये म्हणून सुधीरनं किल्ली खिशात टाकली.

आम्ही निघालो ते उजाडताना. सुधीरला कारखान्यात सुट्टी नव्हती, म्हणजे मी आणि बाबा दोघंच. मागे पाण्याचे डबे, एक सुरई, दशम्या, लसणाची चटणी. लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून काकूंनी आम्हां दोघांच्या खिशात एकेक कांदा कोंबला. मिसरोद गेलं, मंडीदीप गेलं, हवा अजून गार होती, आणि मी मनातल्या मनात पुराणिक काकांची माफी मागायच्या बेतात होते. मग ऊन वर आलं. मोकळा रस्ता लागला, मी वेग वाढवला. काटा चढायला लागला. अजून वाढवला, अजून चढला. हळू केली, थांबला.

मला काही कळेना. तेवढ्यात वावटळीतलं एक वाळकं सागाचं पान उडत येऊन बॉनेटवर पडलं. माझ्या हिशोबानं ते झापडातून येणाऱ्या वाफेनं उडायला हवं होतं. ते सरकत सरकत झापडापाशी गेलं, तिथे चिकटलं, थरथरलं, फाटलं आणि अर्धं आत ओढलं गेलं.

आत!

मी करकचून ब्रेक दाबला. धावत्या गाडीच्या काचेवर वारा आदळतो आणि काचेच्या पायथ्याशी तुंबतो. तुंबलेला वारा वाट मिळेल तिथे घुसतो. आमच्या भोकांनी त्याला राजमार्ग करून दिला होता. इंजिनातली गरम हवा बाहेर पडायची सोडून दडपून आतच बसत होती. ज्या माणसांनी उभ्या आयुष्यात जागेवरून न हलणारी यंत्रं थंड केली, त्यांनी माझी जीपही जागेवरून न हलण्यासाठी थंड केली होती! गल्लीतल्या एवढ्या डोक्यांतल्या एकाही डोक्यात आलं नाही की जीप ही वस्तू पुढे जाते.

मी रस्त्याच्या कडेला उभी राहून जे बोलले ते इथे लिहिता येत नाही. बाबा आतून म्हणाले, "कुणाला शिव्या देतेस?"

"पुराणिक काकांना!"

"दे. जरा मोठ्यानं दे. छान ऐकू येतंय."

मी झापडांत चिंध्यांचे बोळे कोंबून पाहिले. मग मूळचा आजार उसळला, चढ लागताच गाडी पहिल्यासारखीच तापायला लागली. बोळे काढले तर नवा आजार. पण एक गोष्ट मात्र होती. गाडी थांबवली की त्या झापडांतून हवेची थरथर सळसळत वर निघे आणि बघता बघता काटा खाली येई. उभ्या जीपला इतक्या झटपट थंड होताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. उदबत्तीनं खोटं सांगितलं नव्हतं.

बाबा खाली उतरले, चष्मा काढला, बॉनेट अगदी डोळ्यांजवळ घेऊन पाहिलं, बोटांनी चाचपलं. त्यांनी ते पहिल्यांदाच नीट पाहिलं होतं. "अगं, नाकपुड्या टाळूवर काढल्या हिच्या," ते म्हणाले. "कुठलं जनावर टाळूनं श्वास घेतं?" आणि थोडा विचार करून, "देवमासा घेतो म्हणतात. पण तो वर आला की थांबून घेतो."

मग आम्ही देवमाशासारखेच गेलो. थोडं जायचं, थांबायचं, श्वास सोडायचा. सपाटीवर फार त्रास झाला नाही. घाट लागला आणि प्रत्येक वळणावर थांबणं भाग पडलं. मी प्रत्येक वळणावर नव्यानं चिडत होते. ऊन टाळूवर, नाल्यापर्यंत पोहोचायचं, तिथून पुढे चढ, आणि इथे एका वळणावरून दुसऱ्या वळणापर्यंत जायचं म्हणजे वाट पाहायची. स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसत होता. पाचोळ्याचा, तापलेल्या दगडाचा, कुठेतरी सांडलेल्या मोहाचा गोडूस आंबूस वास येत होता. आणि बाबा प्रत्येक वेळी दार उघडून, काठी टेकत, कठड्यापाशी जाऊन उभे राहत.

एका वळणावर चारोळीचं झाड होतं. त्याच्यावर माकडांची टोळी चालली होती. बाबा मान इकडून तिकडे फिरवून पाहत होते, कारण कडेचं त्यांना आता दिसत नव्हतं, नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसायचं. एकेक माकड नळीत धरत होते. पुढच्या वळणावर खाली दरी, दरीत धुरकट निळे डोंगर, एकामागे एक. तिथे ते बराच वेळ उभे राहिले. काटा केव्हाच खाली आला होता. मी हॉर्न वाजवणार होते.

"मंजू," ते मागे न वळता म्हणाले, "मी या घाटातून किती वेळा गेलो असेन. या वळणावर कधी थांबलो नाही बघ. कुठेतरी म्हैस अडलेली असायची."

मी हॉर्नवरचा हात काढला. राग कायम होता, हे नोंदवून ठेवते. फक्त त्या वळणावर तो थोडा वेळ झाडाखाली बसला.

नाल्यात गुडघाभर खडक आणि तळाशी चिमूटभर पाणी होतं. जीप त्यातून अशी चढली, एक चाक हवेत, एक चाक देवाच्या भरवशावर, की सुखलाल पलीकडून टोपी काढून पाहत राहिला. तिथे वेग नव्हता, म्हणून काटाही गप्प होता. मी उतरले तेव्हा माझ्या केसांत, कानांत, कांद्यावर, सगळीकडे धूळ होती. सुखलाल बाबांना झाडापाशी घेऊन गेला. फळं वर होती, पानांच्या रंगाची. बाबांनी मान वर केली आणि ते शोधायला लागले. सुखलाल बोट दाखवायला गेला, मी त्याचा हात धरला.

वेळ गेला. मग बाबांची मान एका जागी थांबली.

"दिसला?" मी विचारलं.

"दिसला." आणि थोड्या वेळानं, "शेजारी अजून एक आहे गं. लबाड, पानामागे लपलाय."

पुढच्या उन्हाळ्यात बाबा त्या झाडाचे आंबे वासावरून ओळखत होते. हातात घेऊन, नाकाशी धरून, "हा शेपू, हा गोटी," म्हणून वाटणी करत. पण पहिली फळं त्यांनी झाडावर पाहिली होती, आणि घाटातलं एकेक वळण पाहिलं होतं. म्हातारपणी कुणी भेटायला आलं की ते सगळी वळणं क्रमानं सांगायचे, माकडांसकट. जीप धड असती तर आम्ही तो घाट एका दमात चढलो असतो आणि त्यांना काहीच सांगता आलं नसतं, हे मला कळतं. मला कळत नाही असं कुणी समजू नये. पण म्हणून काय मी त्या भोकांचे आभार मानू? मुळीच नाही. चूक ती चूक. चुकीतून काही चांगलं निघालं तर ते त्या वळणाचं आणि माझ्या बापाचं श्रेय आहे, खडूचं नव्हे.

बाबा नाहीत आता. पुराणिक साहेबही नाहीत, आणि काकू मुलाकडे पुण्याला असतात. पावसाळ्यात ती भोकं इंजिनावर गळायची म्हणून चौबेजींनी शेवटी ती बुजवली, त्यांच्या शब्दाप्रमाणे, वेल्डिंग मारून. तरी हात फिरवला की वण लागायचे. आणि समोर अंकितची जीप उभी आहे, गोरीगोमटी, खोट्या नाकपुड्यांची, हिला कुणी कापलं नाही, हिच्यासाठी कुणी भांडलं नाही, ही कुठल्या नाल्यात उतरणारही नाही. राग येईल नाही तर काय होईल?

पण पूर्ण न्याय व्हायचा तर परत आलो त्या संध्याकाळचं सांगायला हवं. जीप दारात थांबली तेव्हा गल्ली अंगणातच होती. सुखलालनं पाडून दिलेल्या रायवळ आंब्यांची पाटी सुधीरनं उतरवली, बाबांना खुर्चीत बसवलं. पुराणिक साहेब बशी हातात घेऊन पुढे आले आणि सुधीरला विचारलं, "काय रे, कशी चालली गाडी?"

सुधीरनं पहिल्यांदाच, देव त्याचं भलं करो, माझ्याकडे बोट दाखवलं.

मग मी बोलले. घाटभर मनात घोळवलेलं सगळं बोलले. वारा काचेशी कसा तुंबतो, हवा आत कशी घुसते, काटा कसा चढतो, झापडानं सागाचं पान कसं गिळलं, ते हातवारे करून सांगितलं. मिसरोदपर्यंत नेऊन बघू म्हटलं होतं ते कुणी ऐकलं नाही, हे दोनदा सांगितलं. शेवटी मी म्हणाले, "काका, चालू लागली की तापते, आणि उभी केली की थंड होते. तुमची भोकं गाडी उभी असेपर्यंतच कामाची आहेत!"

पुराणिक साहेबांचा चेहरा आधी पडला. मग त्यांनी चष्मा वर केला, बशीतला चहा विसरून क्षणभर विचार केला, आणि हळूहळू त्यांच्या तोंडावर असं समाधान पसरलं की जसं काही एखादं यंत्र देशाला अर्पण झालं आहे. आणि ते भर अंगणात, सगळ्यांसमोर, अगदी मनापासून म्हणाले,

"म्हणजे डिझाइन बरोबरच होतं की, सूनबाई! तुम्हांला गाडी चालवायला कुणी सांगितलं होतं?"